नऊ मोटरी आणि चार शून्यं

मानवजातीने ऊर्जाबचतीच्या दिशेने आजवर जी मोठी पावलं टाकली, त्यांतलं एक बारामतीत, भिगवण रस्त्याला, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर पडलं. त्या मजल्यावर दोन टनांचा एसी होता आणि तो चोवीस तास चालू असे. बंद केला की कॉम्प्युटर तापत, आणि कॉम्प्युटर तापले की वीज कशी वाचवावी याचं गणित मध्येच थांबे.

मजल्यावर तिघं काम करत. वृषाली ही प्रमुख. ती मूळची पणदऱ्याची. पुण्यात एम.ई., मग बंगळूरला सात वर्षं चिपचं डिझाइन, आणि मग एक दिवस तिने कंपनीला सांगितलं की हेच काम मी बारामतीत बसून करीन, माणसंही तिथलीच घेईन. कंपनीने हो म्हटलं. बारामती नकाशावर कुठे आहे हे त्यांनी नंतर पाहिलं. दुसरा महिपती, कऱ्हाटीचा. चिपच्या डोक्याचं, म्हणजे प्रोसेसरचं काम त्याच्याकडे. तिसरी माळेगावची स्वप्नाली. तिच्याकडे रेडिओ, म्हणजे चिपचं तोंड. जमिनीतला ओलावा मोजणारा भाग आणि मोजलेलं लक्षात ठेवणारी मेमरी हे दोन्ही वृषालीने स्वतःकडे ठेवले होते.

चिप हरभऱ्याच्या डाळीएवढी. ती एका खोक्यात बसवायची, खोकं डाळिंबाच्या मुळाशी ठेवायचं, आणि त्याने दर पंधरा मिनिटांनी मालकाच्या मोबाइलवर कळवायचं की मुळाशी ओल किती आहे. खोक्यात बटणाएवढा एक सेल. त्या एका सेलवर तीन वर्षं काढायची, ही अट. त्यासाठी चिपने सरासरी आठ मायक्रोअँपच्या वर करंट ओढता कामा नये. पाच हॉर्सपॉवरची मोटर जेवढा करंट ओढते, त्याचा हा साधारण नऊ लाखावा भाग. पणदऱ्यात वृषालीने हे सांगितलं तेव्हा लोकांनी एवढंच विचारलं की मग त्यावर पाणी किती इंची पडतं.

इंदापूरच्या अलीकडे अविराज नावाच्या बागायतदाराच्या डाळिंबात अशी वीस खोकी ठेवली होती. कागदावर हिशेब सहा मायक्रोअँपचा होता. बागेत एकसष्ट निघाले. म्हणजे सेल तीन वर्षांऐवजी पाच महिन्यांत संपणार.

बंगळूरहून नंजुंडप्पांचा फोन आला. हे वृषालीचे वरिष्ठ; मृदू बोलत, आणि जितकं वाईट सांगायचं असेल तितकं जास्त मृदू. त्या दिवशी त्यांचं बोलणं जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. वीस मार्चला ते स्वतः बागेत येणार होते. आठच्या आत आकडा दिसला तर बारामतीची खोली राहील. नाही दिसला तर तिघांनी एक एप्रिलपासून बंगळूरला यावं, तिथे तिघांसाठी टेबलं रिकामी आहेत.

"टेबलं चांगली आहेत," ते म्हणाले. "खिडकीजवळची."

वृषालीने फोन ठेवला आणि दोघांना सांगितलं. बंगळूरला ती जाणार नव्हती, हे तिचं तीन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. पण खोली गेली तर नुसती खोली जाणार नव्हती. चिप बनवायला गाव सोडावं लागत नाही, हे ती तीन वर्षं दिसेल त्याला सांगत आली होती. दोन कॉलेजांत त्यावर भाषणंही देऊन झाली होती.

आजार काय ते कळत होतं. ही चिप एरवी झोपलेली असते. झोपेत ती जेमतेम तीन मायक्रोअँप खाते. पंधरा मिनिटांनी तिचे चारही भाग उठतात, मोजतात, कळवतात आणि पुन्हा झोपतात. इथे काय होई, की चिप उठे, दचके, पडे आणि पुन्हा पहिल्यापासून उठे. असं अकरा वेळा झाल्यावर बाराव्या वेळी एकदाची उभी राही. उठण्याच्या क्षणी सेलचा व्होल्टेज दबत होता. कोणीतरी सेलला जास्त ओढत होतं. बाहेरून मोजला तर एकूण करंट दिसतो. आत कोण किती ओढतंय ते दिसत नाही. त्यामुळे चर्चेला भरपूर वाव होता.

"रेडिओ खातोय," महिपती म्हणाला. "उघड आहे. सगळ्यात मोठा तोच."

"मोठा आहे म्हणून चोर काय?" स्वप्नाली म्हणाली. "तुझा प्रोसेसर बघ आधी. उठला की आळोखेपिळोखे देत बसतो."

"आळोखेपिळोखे न्हाय ते, सेल्फ-टेस्ट आहे."

"आमच्याकडे त्याला आळोखेपिळोखेच म्हणतात."

"मेमरीपण बघायला पाहिजे," महिपती म्हणाला, पण हळू, कारण मेमरी मॅडमची होती.

पुढचे तीन आठवडे खोलीत विलक्षण काटकसर चालली. महिपतीने प्रोसेसरचा वेग निम्म्यावर आणला. स्वप्नालीने रेडिओचा संदेश इतका आखडता घेतला की त्यात ओलाव्याच्या आकड्याखेरीज काही उरलं नाही. खोकं कुठल्या झाडाचं तेसुद्धा. वृषालीने मोजण्याच्या भागातली दोन आकड्यांची अचूकता कमी केली, आणि ती कमी झाल्याचं आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही. एवढं केल्यावर एकसष्टाचे अठ्ठावन्न झाले.

मार्चचा पहिला रविवार उजाडला. वृषाली पणदऱ्याला आईकडे गेली. आई, कौसल्याबाई, चार एकर ऊस, तीन जर्शी गाई आणि वस्तीवरची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, सांभाळत. डीपी तशी वीज कंपनीची. पण तिच्यावर ज्या नऊ जणांच्या मोटरी होत्या, ते नऊ जण कोणाचं ऐकत असतील तर कौसल्याबाईंचं, तेही नाइलाजाने.

सकाळी दहाला लाईट आली. वृषाली चहाचा कप घेऊन ओट्यावर उभी होती. नऊ मोटरी एका दमात घुं करून उठल्या, घरातला पंखा क्षणभर मंदावला, आणि डीपीवर फाडकन आवाज होऊन फ्यूज उडाला. मग शांतता. एक पोपट तेवढा ओरडला.

"महिन्याभरातली ही चौथी येळ," कौसल्याबाई म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या. वृषाली मागोमाग गेली.

डीपीखाली माणसं जमली होती. त्यात जोतीराम तात्या होते; त्यांची मोटर दहा हॉर्सपॉवरची, वस्तीत सर्वांत मोठी, आणि तात्यांचा आवाजही त्याच मापाचा.

"हलकी फ्यूज घालत्यात वायरमन लोकं," तात्या म्हणाले. "माल खराब."

"तात्या, मालाचं मागनं बघू. आपला ठराव काय झालता?" कौसल्याबाईंनी विचारलं.

ठराव दोन वर्षांपूर्वी झाला होता, देवळात, नऊही जणांच्या सह्यांनिशी. प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो होतं. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. नऊ मोटरी एकदम उठल्या की डीपीला झेपत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या स्टार्टरच्या टायमरवर आपापली मिनिटं लावायची होती: कोणी एक, कोणी दोन, कोणी तीन, असं करत एकामागून एक उठायचं.

"ठराव हायच की," तात्या म्हणाले. "सही हाय माझी."

"व्हय, सही हाय. टायमर बघू चला."

"आता टायमर कशाला? ठराव हाय म्हणल्यावर."

कौसल्याबाई ऐकायला थांबल्या नाहीत. स्टार्टरची पहिली पेटी म्हाळसाबाईंची. उघडली. टायमर शून्यावर.

"पोरानं हात लावला आसंल," म्हाळसाबाई म्हणाल्या. त्यांचा मुलगा सुरतेला असतो.

दुसरी पेटी बिरूची. शून्य.

"वैनी, मी म्हणलं, माझी तीन हॉर्सपॉवरची चिमणी. माझ्या एकट्याच्या शून्यानं काय होतंय? बाकीचे थांबत्यातच की."

तिसरीपासून सातवीपर्यंत शून्य. तात्यांचाही शून्य, वर तो सरकू नये म्हणून फेविक्विकने चिकटवलेला. शेवटची पेटी कौसल्याबाईंची स्वतःची. ती त्यांनी उघडली नाही. बिरूने उघडली.

शून्य.

सगळे कौसल्याबाईंकडे बघायला लागले. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मला काय म्हाईत तुमी समदे असं कराल," त्या म्हणाल्या.

वृषालीच्या हातात अजून चहाचा कप होता. तो तिने बिरूच्या पेटीवर ठेवला आणि महिपतीला फोन लावला.

"महिपती, आपला उठण्याचा क्रम ठरलेला आहे ना? तो कागद?"

"आहे की मॅडम. तुम्हीच पाठवलेला. मी 'नोंद घेतली' असं उत्तर दिलंय."

"प्रत्येकाने आपल्या भागाला थांबा लावायचा, शून्य कोणी ठेवायचा नाही."

"हो. चौथा मुद्दा."

"तुझ्या प्रोसेसरचा थांबा किती आहे?"

पलीकडून एसीच्या आवाजात कीबोर्डची टकटक ऐकू आली. रविवार असून महिपती खोलीत होता, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

"मॅडम, तात्पुरता शून्य ठेवलाय. माझ्या टेस्ट लवकर पास व्हाव्यात म्हणून. बाकीचे थांबतातच, म्हटलं…"

स्वप्नालीला फोन लावला. स्वप्नाली म्हणाली, "शून्य. पण मी बदलणार होते." कधी, ते तिने सांगितलं नाही.

मग वृषालीने तिथेच, उसाच्या बांधावर, मोबाइलवर स्वतःच्या दोन भागांची फाइल उघडली. मोजणीचा भाग: शून्य. मेमरी: शून्य. खाली तिच्याच हातची टीप होती: 'सध्या असू दे.' टीप दीड वर्षापूर्वीची होती.

तिघांनी तीन आठवडे एकमेकांवर आरोप करण्यात जी वीज घालवली, ती या हिशेबात धरलेली नाही.

एक गोष्ट मात्र वृषालीने वेळेवर शहाणपणाची केली होती. हा थांबा चिपमध्ये कायमचा कोरला नव्हता. बाहेरून लिहून बदलता येत होता. म्हणजे नवी चिप घडवून आणायला सहा महिने लागले असते, ते आता सहा दिवसांचं काम होतं. ती आईकडे वळली.

"आई, आता क्रम कसा लावणार?"

"लहान मोटार आदी, मोठी शेवटी," कौसल्याबाई म्हणाल्या. पेटीच्या प्रकरणानंतर त्यांचा आवाज एक पट्टी वर गेला होता. "लहान उठली तर लाईट दबत न्हाय. ती चालू लागली की दुसरी. मोठी एकदा का मदी घुसली, तर लहान्यास्नी मरण."

"म्हणजे मी शेवटी?" तात्या म्हणाले. "दहा हॉर्सपॉवरचा माणूस शेवटी?"

"तात्या, तुमची मोटार धा मिंटात दोगांचं पाणी काढती. नऊ मिंटं थांबली तर हीर कुठं पळून जात न्हाय."

तात्यांना आपल्या मोटरीचं कौतुक ऐकून विरोध करता येईना. कौसल्याबाईंनी नऊही टायमर स्वतःच्या हाताने लावले, तात्यांचा फेविक्विक खरवडून. मग घरातून लाल नेलपॉलिशची बाटली आणली; ती वृषालीच्या लग्नातली, अजून अर्धी भरलेली. प्रत्येक टायमरच्या बटणावर आणि पेटीवर मिळून त्यांनी एक आडवी रेघ ओढली. बटण फिरलं की रेघ मोडणार, आणि कोणाची मोडली ते वस्तीला दिसणार.

दुपारी वायरमनने फ्यूज घातला. मोटरी एकेक करून उठल्या. सर्वांत शेवटी तात्यांची, सगळ्या वस्तीला ऐकू येईल अशी. फ्यूज जागेवर राहिला.

सोमवारी बारामतीत तेच झालं, फक्त नेलपॉलिश नव्हतं. चारही भागांत सर्वांत लहान मेमरी, मग मोजणी, मग प्रोसेसर, सर्वांत शेवटी रेडिओ. स्वप्नाली नाराज झाली.

"सगळे उठून बसल्यावर मी? सगळं काम माझ्याशिवाय अडतं आणि मीच शेवटी?"

"तुझी मोटर दहा हॉर्सपॉवरची आहे," वृषाली म्हणाली.

"म्हणजे काय?"

"काल माझ्या गावात एवढ्या वाक्यावर काम झालं."

थांबे मिनिटांचे नव्हते, मायक्रोसेकंदांचे होते. माणसाची पापणी एकदा लवते तेवढ्यात ते चौघं शंभरदा ओळीने उठून झोपले असते. पण ओळ ती ओळच. चिपमध्ये एक केसाहून बारीक दुवा असतो. तो एकदा जाळला की लिहिलेलं परत कोणालाच बदलता येत नाही. वृषालीने दोघांना समोर बसवलं, क्रम मोठ्याने वाचून दाखवला, आणि दुवा जाळला. "आता मलाही नाही बदलता येणार," ती म्हणाली. हे वाक्य तिने मुख्यतः स्वतःला उद्देशून म्हटलं होतं.

चिप उठली. दचकली नाही. मोजलं, कळवलं, झोपली. पुन्हा पंधरा मिनिटांनी उठली. महिपतीने दिवसभर मीटरवरची नजर काढली नाही. जेवणसुद्धा त्याने मीटरकडे तोंड करून केलं. संध्याकाळी पाचला सरासरी निघाली. सहा पूर्णांक चार.

"परत मोज," वृषाली म्हणाली.

परत मोजलं. सहा पूर्णांक चार. स्वप्नालीने तिसऱ्यांदा मोजलं, कारण आनंद जाहीर करण्याआधी तीन सह्या लागतात अशा तालुक्यात ती वाढली होती. तेवढेच. मग महिपती असा ओरडला की खालच्या दुकानदाराला वाटलं, रॅकवरून एक्सल पडला. तो वर आला, आकडा काय ते समजून घेतलं, काहीच समजलं नाही, आणि खाली जाऊन सगळ्यांसाठी उसाचा रस पाठवला.

वीसही खोक्यांत क्रम लिहून, दुवे जाळून ती बागेत परत बसवली. वीस मार्चला नंजुंडप्पा इंदापूरला आले तेव्हा बागेच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता. त्यावर वृषालीचा फोटो होता, आणि चिपला कधी हात न लावलेल्या अकरा जणांचे तिच्याहून मोठे फोटो होते. नंजुंडप्पांना गाडीतून उतरल्या उतरल्या फेटा बांधला गेला. त्यांनी प्रतिकार केला, पण फार मृदू.

खोक्यांचे आकडे त्यांनी स्वतः वाचले. वीसपैकी वीस, आठच्या आत. एकही चिप दचकली नव्हती. त्यांनी हिशेब केला: एका सेलवर तीन वर्षं अकरा महिने. हिशेब दुसऱ्यांदा केला. मग चष्मा काढून पुसला आणि वृषालीला विचारलं, काय बदललं?

तिने सांगितलं.

"पण भागांना ओळीने उठवायचं, हे तर पुस्तकातच आहे," ते म्हणाले. "नववं प्रकरण."

"आहे ना, सर," वृषाली म्हणाली. "आमच्याकडेही ठरावात होतं."

नंजुंडप्पा हसले. त्या दिवशी प्रथमच त्यांचा आवाज नीट ऐकू आला. ते म्हणाले की बारामतीची खोली राहील, एवढंच नाही, तिच्यात आणखी तिघं घ्या. आणि बंगळूरच्या दोन चिपा अशाच दचकतात, त्यांच्याकडेही बघा. तिथल्या टीममध्ये प्रत्येकाला विचारा की तुझा शून्यावर आहे का. महिपतीने स्वप्नालीला टाळी दिली. रेडिओवरून भांडल्यापासून ही पहिली.

सत्कारात जोतीराम तात्यांनी भाषण केलं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते पणदऱ्याहून जीप करून आले होते.

"आमच्या डीपीवरनं हे विज्ञान बंगळूरला चाललंय," तात्या माइकवर म्हणाले. "थांबायचं कसं, हे जगाला पणदऱ्यानं शिकवलं. मी स्वतः नऊ मिंटं थांबतो."

"तात्या, सकाळी रेघ मोडली व्हती तुमची," खालून कौसल्याबाई म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्यांनी तो स्वतःसाठी धरला. वृषालीला शाल, श्रीफळ आणि डाळिंबांची पेटी मिळाली, आणि त्या संध्याकाळी बारामतीपर्यंतच्या गाडीत तिघं सगळी वाट मोठमोठ्याने बोलत आली. एकानेही दुसऱ्यावर आरोप केला नाही.

मे महिन्यात कंपनीने पहिली दोनशे खोकी विकायला काढली. आठवड्याभरात अविराजचा फोन आला.

"मॅडम, खोकं झकास हाय. पण त्यात दिवा न्हाय."

"दिवा कशाला हवा?"

"चालू हाय का बंद, कसं कळायचं?"

"मोबाइलवर आकडा येतो ना दर पंधरा मिनिटांनी?"

"मोबाइलवर काय, कायबी येतं," अविराज म्हणाला. "बांधावरनं दिसलं पायजे. शेजारी इचारतो, हे बंद पडलंय का?"

दोनशे गिऱ्हाइकांपैकी एकशे ऐंशी जणांचं हेच म्हणणं निघालं. बंगळूरच्या विक्री विभागाने गिऱ्हाइकाचा मान राखून खोक्यावर एक हिरवा दिवा बसवला. आधी तो उघडझाप करणारा होता. पण उघडझाप म्हणजे बिघाड, असा बागायतदारांचा समज झाल्यामुळे तो सतत जळता करण्यात आला. तो दिवा चिपच्या तीनशे पट करंट घेतो. त्याच्यासकट सेल साडेचार दिवस टिकला. म्हणून आता खोक्याबरोबर अडॅप्टर आणि पन्नास मीटर वायर येते. ती पंपाच्या खोलीतून ओढून घ्यायची असते. आत चिप अजूनही ठरल्या ओळीने उठते, सहा पूर्णांक चार मायक्रोअँपवर राहते, आणि दचकत नाही.

नव्या खोक्यात सेल बसवायला जागा नाही.